पहिली गाडी घेताना : आधी जीव, मग मान



अलीकडे विहारात, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, लग्नाच्या मांडवात आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "भाऊ, पहिलीच चारचाकी घ्यायची आहे, कोणती घेऊ?" विचारणारे आपल्यातलेच असतात. कोणी जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी, कोणी एस.टी.चे कंडक्टर, कोणी गोंद्याच्या कारखान्यातले कामगार, तर कोणी नर्सबाई आणि त्यांचे रेल्वेतले यजमान. ज्यांच्या आजोबांनी घोटीच्या बाजाराला डोक्यावर भारा घेऊन पायी खेपा केल्या, त्यांच्या दारात आता मोटार उभी राहणार आहे. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला (पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत). पूर्वी तो २८ टक्के आणि वर उपकर असा होता. किमती उतरल्या आणि कालपर्यंत जी स्वप्ने मनात होती ती शोरूमच्या पायरीपर्यंत आली.

ही आनंदाची गोष्ट आहे. काही मंडळी नाक मुरडतात की "यांना गाडी कशाला हवी?" त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही. पावसाळ्यात घोटीहून नाशिकला एका मोटारसायकलवर नवरा, बायको आणि मध्ये दबलेली दोन लेकरे जाताना आपण रोज पाहतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. त्यामुळे कुटुंबासाठी गाडी घेणे हा नुसता थाट नव्हे. पण गाडी कोणती आणि कशी घ्यायची, या प्रश्नाला उत्तर देताना बहुतेकांचा क्रम उलटा लागतो. आधी मान, मग सोय, मग पैसा आणि जीव सर्वांत शेवटी. हा क्रम सुलटा करावा, एवढ्यासाठीच आजचा हा लेख आहे.

चाळीसगावचा टांगा

या बाबतीत आपल्यापुढे एक उदाहरण आहे आणि ते खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. धुळे लाईनवरच्या एका गावी बहिष्काराची चौकशी करून ते २३ ऑक्टोबरला चाळीसगाव स्टेशनवर उतरले. तिथल्या मंडळींनी मुक्कामाचा आग्रह केला. महारवाडा पायी जाण्याजोग्या अंतरावर होता, पण एवढ्या मोठ्या माणसाला पायी न्यायचे कसे? टांगा हवा. आणि टांगेवाले तर अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. बराच वेळ गेल्यावर एक टांगा आला. रस्त्यात एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

मागाहून उलगडा झाला तो असा. टांगेवाला टांगा भाड्याने द्यायला राजी झाला होता, हाकायला नाही. म्हणून आपल्यातलाच एक जण हाकायला बसला आणि त्याला हाकण्याची सवय नव्हती. माणसाचा मान राखण्याच्या भरात त्याचा जीवच धोक्यात घातला गेला, असा या प्रसंगाचा अर्थ बाबासाहेबांनी स्वतःच लावला आहे.

चाळीसगावच्या त्या गरीब माणसांना आम्ही दोष देत नाही. दोष टांगेवाल्यांच्या मनातल्या अस्पृश्यतेचा होता. पण आज परिस्थिती वेगळी आहे. शोरूमचा दरवाजा आपल्याला कोणी बंद करत नाही, बँक कर्ज देते, लायसन्स मिळते. निवड आता आपल्या हातात आहे. अशा वेळी केवळ मानासाठी जीव दुय्यम केला तर त्याचा दोष दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही.

ताऱ्यांचा हिशेब

गाडी सुरक्षित आहे की नाही हे पत्रा ठोकून कळत नाही. "पत्रा जाड आहे, गाडी दणकट आहे" हे वाक्य आपल्याकडे फार चालते. याची परीक्षा आपल्याच जिल्ह्यात बनलेल्या दोन गाड्यांनी दिली आहे. महिंद्राची स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी, दिसायला धिप्पाड, गावात रुबाब असलेली गाडी. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आपटून पाहिली. तारे मिळाले शून्य. त्याच कंपनीची, नाशिकलाच बनलेली आणि आकाराने लहान असलेली एक्सयूव्ही ३०० जानेवारी २०२० मध्ये त्याच संस्थेच्या परीक्षेत उतरली आणि पाच तारे घेऊन बाहेर आली. जिल्हा तोच, कंपनी तीच. फरक पडला तो गाडीच्या रचनेत आणि आत बसवलेल्या सुरक्षेच्या साधनांत. धिप्पाडपणा म्हणजे सुरक्षा नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

टक्कर झाली की गाडीचा पुढचा भाग चुरगळलाच पाहिजे, कारण आघाताचा जोर तिथेच जिरतो. माणसे बसतात तो मधला सांगाडा मात्र शाबूत राहिला पाहिजे. याच गोष्टी या परीक्षेत बाहुल्या बसवून मोजल्या जातात. २०१४ साली पहिल्यांदा भारतातल्या पाच लहान गाड्यांची अशी परीक्षा झाली, तेव्हा पाचही शून्यावर बाद झाल्या. डिसेंबर २०१८ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले. भारतात बनलेल्या गाडीला हा मान तेव्हा पहिल्यांदा मिळाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकारची स्वतःची 'भारत एनकॅप' ही परीक्षा सुरू झाली. तीत समोरून, बाजूने आणि खांबावर अशा धडका देऊन पाहतात. मोठ्यांच्या सुरक्षेला ३२ पैकी आणि मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण देतात.

शोरूममध्ये गेल्यावर ताऱ्यांविषयी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला, या गाडीची परीक्षा झाली आहे का? ही परीक्षा सक्तीची नाही, त्यामुळे काही गाड्या तिला बसलेल्याच नसतात. दुसरा, परीक्षा कोणत्या साली झाली? २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने नियम कडक केले. वॅगन आरला २०१९ साली दोन तारे होते, तिला नव्या नियमांनी २०२३ साली एकच मिळाला. जुन्या सालचे तारे नव्या सालच्या ताऱ्यांशी ताडून पाहू नयेत. तिसरा, मुलांच्या सुरक्षेचे तारे किती? जाहिरातीत मोठ्यांचे तारे ठळक छापतात, लेकरांचे शोधावे लागतात. मागच्या सीटवर तर आपली लेकरेच बसणार आहेत.

पाटी कोरी ठेवून यादी करा

एका परिचित कुटुंबाबरोबर आम्ही शोरूमला गेलो होतो. सेल्समन पोरगा हुशार होता. त्याने मोठा स्क्रीन दाखवला, छताची काच उघडून दाखवली, चकचकीत चाके दाखवली. मुले हरखली. यजमानांनी खिशातून पेन काढले. तेवढ्यात वहिनींनी शांतपणे विचारले, "दादा, मागच्या मधल्या सीटला पट्टा कसला आहे? खांद्यावरून येणारा की नुसता कमरेचा?" पोरगा गडबडला आणि आत विचारायला गेला. त्या एका प्रश्नाने पुढची सगळी बोलणी वळणावर आली. आम्हाला वाटते, प्रत्येक घरात असा एक प्रश्न विचारणारे माणूस असावे.

म्हणून शोरूमला जाण्याआधी घरी बसून कागदावर यादी करावी. आमची यादी अशी :

एअरबॅग किती? चालकासाठीची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्यासाठीची जानेवारी २०२२ पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीची आहे. सहा एअरबॅग सक्तीच्या नाहीत, पण आता बऱ्याच स्वस्त गाड्यांतही त्या मिळतात. मारुतीने २०२५ साली अल्टो के-१० आणि वॅगन आर यांच्या सर्व मॉडेलांत त्या दिल्या. त्यामुळे "आमच्या बजेटात बसत नाही" ही सबब आता फारशी उरलेली नाही. मात्र एअरबॅगांची संख्या म्हणजे तारे नव्हेत. सांगाडा कच्चा असेल तर सहा पिशव्या असूनही भागत नाही, म्हणून दोन्ही पाहावे.

एबीएस २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना असतेच. त्याच्या जोडीला ईएससी आहे का ते पाहावे. ओल्या वळणावर गाडी घसरू लागली तर हे यंत्र चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून गाडी सावरते. कसारा घाटातून जाणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

मागच्या काचेला वायपर आणि बाष्प घालवणाऱ्या तारा असाव्यात. मुंबई-पुण्याच्या माणसाला हा शौक वाटेल. इगतपुरी-घोटी पट्ट्यात मात्र वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाढवळ्या धुके उतरते. मागून ट्रक येतो आहे की नाही हे दिसलेच पाहिजे.

लहान मूल असेल तर मागच्या सीटला आयसोफिक्सचे हूक आहेत का ते हात घालून पाहावे. मुलाची वेगळी सीट त्याला पक्की बसते. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणे ही आपल्याकडची मायेची पद्धत आहे. पण टक्कर झाली तर आईच्या हातांत ते मूल धरून ठेवण्याची ताकद राहत नाही आणि एअरबॅगचा तडाखा आधी त्या मुलालाच बसतो.

आता सोय पाहू. गल्लीत गाडी वळते का? घरी आजी असेल तर तिला गुडघे न दुखता चढता-उतरता येते का? आजीलाच शोरूमला नेऊन बसवून पाहावे. भाताची पोती, बाजाराचा माल न्यायचा असेल तर डिकी मोजावी. सीएनजी घेतली तर टाकीने डिकीची जागा खाल्लेली असते, घाटात ओढ थोडी कमी पडते आणि दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी करावी लागते. पण रोजचे अंतर मोठे असेल तर ती परवडते. आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे? नाशिकला असले तरी चालेल, पण नाशिकच्याही पलीकडे असले तर दर वेळी एक रजा खर्ची पडेल.

ही यादी पुरी झाली आणि पैसे उरले, तर मोठा स्क्रीन अवश्य घ्यावा.

हप्त्याचे गणित

आम्ही हिशेबाच्या टेबलावरची माणसे, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही.

शोरूमची किंमत साडेसहा लाख म्हटली तर ती तुमची किंमत नव्हे. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर आहे, म्हणजे ७१,५०० रुपये. त्यावर विमा आणि पासिंगचा खर्च. घरी येईपर्यंत आकडा साडेसात लाखांच्या पुढे जातो. ऑन-रोड किमतीचा कागद आधी मागून घ्यावा आणि प्रत्येक ओळीचा अर्थ विचारावा. विमा शोरूमकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही, बाहेर भाव काढून पाहावा. नव्या गाडीला तिऱ्हाइताचा विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण त्यात आहे का, हेही पाहावे.

आता कर्ज. पाच लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता १०,३७९ रुपये पडतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख २२ हजार. तेच सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता ८,०४५ रुपये दिसतो, पण व्याज जाते सुमारे १ लाख ७५ हजार. हप्ता हलका दिसतो म्हणून आपण ५३ हजार जास्तीचे मोजतो. हप्त्याला पेट्रोल जोडा. महिन्याला ६०० किलोमीटर, १८ चे अॅव्हरेज आणि लिटरला १०५ रुपये धरले तर साडेतीन हजार होतात. सर्व्हिस, टायर, पुढच्या वर्षीचा विमा यांसाठी महिन्याला दोन हजार बाजूला काढावेत. म्हणजे पाच वर्षांच्या कर्जात गाडीचा खरा महिना सोळा हजारांच्या घरात जातो. एवढे दिल्यावर मुलीच्या शिक्षणाचा पैसा शिल्लक राहतो का? राहत नसेल तर दोन वर्षे थांबावे, डाऊन पेमेंट वाढवावे. तोवर एस.टी. आहेच. मार्च २०२३ पासून महिलांना तिथे अर्धे तिकीट आहे. हप्त्यासाठी मुलांची फी थकवण्यापेक्षा एस.टी.ने जाणे केव्हाही बरे, आणि त्यात कोणताही कमीपणा नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

सगळ्यांनाच नवी गाडी परवडत नाही. जुनी घ्यायला हरकत नाही, पण एक लक्षात ठेवावे. जुलै २०१९ च्या आधीच्या स्वस्त मॉडेलांत एकही एअरबॅग नसण्याची शक्यता असते. दीड-दोन लाखांची 'चांगली ठेवलेली' गाडी बहुधा या वर्गातली निघते. शक्य असेल तर त्यानंतरची घ्यावी. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन तो उतरवावा. नाव बदलण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरावेत. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. "कागद नंतर करू" हे शब्द ऐकले की व्यवहार थांबवावा. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी इतका जुना टायर बदललेला बरा.

टायरचा मुद्दा आपल्या भागाला विशेष लागू आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते आमणे असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला. दीक्षाभूमीला जाणारी आपली मंडळी आता भरवीरहून किंवा इगतपुरीहून या रस्त्याला लागतात. सपाटीवर ताशी १२० ची मुभा आहे, रस्ता सरळ आहे आणि डोळा लागायला वेळ लागत नाही. टायर फुटून आणि चालकाला झोप लागून तिथे अपघात झाले आहेत. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासावी, दर दोन तासांनी थांबावे आणि रात्रभर जागून गाडी हाकू नये.

पट्टा आणि हात

गाडी कितीही ताऱ्यांची असो, पट्टा लावला नाही तर ते तारे फुकट जातात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी धडकली. गाडी अत्यंत महागडी होती. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेले दोघे गेले, आणि त्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता असे पोलिसांनी सांगितले. त्याच वर्षी देशात पट्टा न लावल्यामुळे १६,७१५ माणसे दगावल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांत निम्मे चालक नव्हे, प्रवासी होते. मागच्या सीटलाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे. पाचच्या गाडीत आठ जण कोंबले की पट्टा कोणालाच पुरत नाही, हे लग्नसराईत विशेष ध्यानात ठेवावे. तसेच नव्या गाडीला पुढे लोखंडी गार्ड बसवू नये. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यावर बंदीचे आदेश काढले. गार्डमुळे एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका असतो आणि पायी चालणाऱ्याला तो जास्त घातक ठरतो.

आणि शेवटी हाकणारा हात. चाळीसगावला टांगा होता, घोडा होता, नव्हती ती हाकण्याची सवय. गाडी घरी येण्याच्या दोन-तीन महिने आधी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घालावे. नुसते लायसन्स हाती आले म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. पहिला महिना घोटी, टाकेद, वाडीवऱ्हे एवढ्याच फेऱ्या कराव्यात. मग दिवसाउजेडी नाशिक. कसारा घाट आणि समृद्धी त्यानंतर, तेही शेजारी जाणता माणूस बसवून. शिकायला यजमानांबरोबर घरच्या बाईनेही जावे. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि यजमान ड्युटीवर असले, तर दारातली गाडी नुसती उभी राहता कामा नये.

गाडी घरी आल्यावर हार घाला, पेढे वाटा, विहारात वंदना करा, फोटो काढा. आपल्या घामाची गाडी आहे, मान मिरवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मात्र फोटो झाला की पहिल्या फेरीला निघताना मागच्या सीटवर आजी, वहिनी, लेकरे यांचे पट्टे एकेक करून लावून घ्या, खटका वाजल्याचा आवाज ऐका आणि मगच किल्ली फिरवा.